सेल संपला, हे ठरवायचं कुणी?

पत्राचा सारांश: माहेर औसा तालुक्यात आणि सासर लातूर शहरात असलेल्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वडील, म्हणजे अण्णा, सत्तरीचे. शेतात हरभरा आणि थोडा ऊस. लाईट रात्रपाळीला आली की ते एकटेच विहिरीवर पाणी द्यायला जातात. हातात तीन सेलची जुनी बॅटरी. तिचा उजेड हळदीसारखा पिवळा पडला तरी सेल बदलत नाहीत. उशाशी ती बॅटरी ठेवल्याशिवाय झोपतही नाहीत. थकलेले मोठे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरतात, मग रेडिओत घालतात. पेन्सिल सेल छोट्या टॉर्चमधून निघून भिंतीवरच्या घड्याळात जातात. ताईंनी दिवाळीला चार्जिंगची एलईडी टॉर्च आणून दिली. जानेवारीत एका रात्री ती विहिरीजवळ एकदम विझली, अण्णा चाचपडत घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुनी बॅटरी हातात आली. भाऊ मोबाईलवर व्हिडिओ बघून सेल फरशीवर आपटून तपासतो. त्यातच आईच्या शुगर बघायच्या मशीनवर आठवडाभर बॅटरीची खूण दिसते आहे. भाऊ म्हणतो, सेल उतरल्यामुळेच रीडिंग २४० येतंय. अण्णा म्हणतात, "चालायलंय की अजून, कशाला बदलायलीस?" ताई विचारतात, "सेल नेमके कधी बदलायचे? दर महिन्याला सगळेच बदलून टाकू का? आणि पै-पैसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या वडिलांना समजवायचं कसं?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरा गुंता तिथेच आहे. अण्णा कंजूष आहेत, हे तुम्ही धरूनच चालला आहात. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला तसं काही दिसलं नाही.

तुम्हीच लिहिलेला क्रम बघा. मोठे सेल आधी बॅटरीत, मग रेडिओत. पेन्सिल सेल आधी टॉर्चमध्ये, मग घड्याळात. (आपल्याकडे हातात धरतो ती बॅटरी आणि तिच्या पोटात घालतो ते सेल. पुण्याच्या दुकानात मी एकदा "बॅटरीचे सेल द्या" म्हटलं, तर तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. इथे मी आपल्याच बोलीत लिहिते आहे.) हा क्रम अण्णा कुठे शिकले नसतील, पण विजेच्या हिशेबाने तो चोख आहे. जुन्या बल्बची टॉर्च ३०० ते ५०० मिलीअँपिअर करंट ओढते. लहान रेडिओला मध्यम आवाजात त्याच्या दहाव्या हिश्शात भागतं. भिंतीवरच्या घड्याळाला तर सरासरी एक मिलीअँपिअरसुद्धा लागत नाही. त्यामुळे टॉर्चसाठी मेलेला सेल रेडिओसाठी नुसता म्हातारा असतो आणि घड्याळासाठी चांगला तरणाबांड. "सेल संपला" हे वाक्यच अर्धं आहे. कशासाठी संपला, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आणि उशाची बॅटरी. औसा तालुका वाचला आणि माझं मन तिथेच अडकलं. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. अण्णा तेव्हा अडतिशी-चाळिशीत असतील. त्या पहाटे त्यांच्या हाताशी उजेड होता की नव्हता, हे त्यांना कधी विचारलंत का? माझा हा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण तीस वर्षं ज्याच्या उशाशी बॅटरी आहे त्याला उजेडाची किंमत कळत नाही, असं मी म्हणणार नाही.

मग अण्णांचं चुकतं कुठे? क्रमात नाही, वेळेत चुकतं. सेल टॉर्चमधून रेडिओत जातो ते बरोबर, पण जायला पंधरा दिवस उशीर करतो. घड्याळ बंद पडलं तर काय बिघडतं? घड्याळाला सेल कमी पडला की सेकंदकाटा आठ आणि नऊच्या मध्ये जागच्या जागी थरथरत राहतो, वर चढायला त्याला बळ पुरत नाही. ते बघून हसायचं आणि सेल बदलायचा. रेडिओ खरखरला तर बातम्या चुकतात. पण विहिरीच्या काठावर उजेड गेला तर त्याची भरपाई नाही. दर महिन्याला घरातले सगळेच सेल बदलायचा तुमचा विचार म्हणजे अण्णांचीच चूक उलट्या बाजूने. घड्याळातला चांगला सेल फेकून काय मिळणार? जिथे मध्येच बंद पडणं महागात जातं तिथे लवकर बदला, बाकी ठिकाणी अगदी बंद पडेपर्यंत चालवा.

आता ती टॉर्च विझली का, ते समजून घ्या. अण्णांचा नव्या वस्तूवरचा विश्वास त्या रात्री उडाला आणि त्यात त्यांचा दोष नाही.

जुनी बॅटरी मरताना सांगून मरते. व्होल्टेज उतरलं की बल्बची तार कमी तापते आणि पांढरा उजेड आधी पिवळा, मग तांबूस होतो. चार-सहा दिवस आधी निरोप मिळतो. अण्णांना ही भाषा पन्नास वर्षांची पाठ आहे. तुम्ही दिलेली टॉर्च मोबाईलच्या चार्जरवर चालत असेल तर तिच्या आत लिथियमचा सेल आहे. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. फार खाली उतरला तर कायमचा बिघडतो, म्हणून अडीच-तीन व्होल्टच्या आसपास आलं की आतलं सर्किट त्याला तोडून टाकतं. चांगल्या टॉर्चमध्ये तोवर उजेड एकसारखा ठेवायचीही सोय असते. परिणाम असा की शेवटच्या मिनिटापर्यंत लख्ख आणि मग एकदम मिट्ट. सर्किटने सेल वाचवला, माणूस विहिरीवर राहिला.

त्यामुळे या टॉर्चला "सेल कधी बदलू" हा प्रश्न लागूच होत नाही. तिला विचारायचं, "तू किती तास टिकतेस?" एका संध्याकाळी पूर्ण चार्ज करा, मोठ्या उजेडावर लावून ओसरीत ठेवा आणि घड्याळ बघा. तिला एकदा घरात मरू द्या. पाच तास टिकली तर अण्णांसाठी ती तीन तासांची टॉर्च, असं धरा आणि रात्रपाळीच्या आठवड्यात रोज दुपारी चार्जिंगला लावा. वर्षाने हीच चाचणी पुन्हा करा. तास निम्म्यावर आले असतील तर आतला सेल म्हातारा झाला. लिथियमला गरमी सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडात टांगून ठेवलीत तर हे म्हातारपण लवकर येईल. सेल फुगलेला दिसला तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद.

बाजारात आणखी एक जात आहे. वायरची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाणारी, हाताला जड लागणारी स्वस्त टॉर्च. तिच्यात बहुधा शिशाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की आतल्या आत मरते. दिवाळीला घेतली, कपाटात ठेवली, होळीला चार्जच होईना, ही कथा बहुतेक याच टॉर्चची. तिला वापरा किंवा वापरू नका, महिन्यातून एकदा चार्ज करावंच लागतं.

जुन्या तीन सेलच्या बॅटरीकडे वळते. उन्हात सेल ठेवायची रीत आपल्याकडे घरोघरी होती आणि ती खोटी नाही. सेल तापला की आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते आणि उजेड थोडा वर येतो. नुसता रात्रभर विसावा दिला तरी साध्या सेलला थोडी धुगधुगी येते. पण यात नवीन वीज भरली जात नाही. थकल्या बैलाला सावलीत उभं केलं, एवढंच. घरातून निघताना उजेड छान दिसतो आणि दहाव्या मिनिटाला बसतो, तो यामुळेच. फसगत इथे आहे.

म्हणून तपासायची रीत अशी. अंधार पडल्यावर अंगणात दहा पावलांवर बैलाचं एक दावं टाका. बॅटरी लावा आणि लगेच बघू नका, चार मिनिटं तशीच चालू राहू द्या. मग बघा. दाव्याचा पीळ दिसतोय? सेल चांगले. नुसतं काहीतरी लांबट काळं पडलंय एवढंच दिसतंय? सेल त्याच रात्री रेडिओत. दोरी की साप हे ज्या उजेडात कळत नाही त्या उजेडात बांधावरून चालायचं नाही, आणि हे वाक्य अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं समजेल. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतसुद्धा नाही. (पायात गमबूट हवेतच. आणि काही झालंच तर १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, मध्ये कुठेही थांबायचं नाही.)

आकड्यांनीच खात्री हवी असेल तर गावातल्या वायरमनकडे मल्टिमीटर असतो. नवा सेल दीड व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. पण मोकळा सेल मोजू नका. विसावलेला सेल तिथेही सोंग करतो. बल्ब पेटलेला असताना मोजा. एका सेलमागे १.२ च्या खाली आला तर टॉर्चसाठी तो संपला. ०.९ ला सगळ्यांसाठीच जवळपास संपला. एक गंमत सांगते. मल्टिमीटरचा स्वतःचा नऊ व्होल्टचा सेल उतरला की पुष्कळ साधे मीटर आकडे फुगवून दाखवायला लागतात आणि मेलेला सेल ठणठणीत ठरतो. कुंपणानेच शेत खाल्लं! मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण दिसत असेल तर त्याचा कौल मानू नका.

तुमच्या भावाची आपटायची चाचणी अर्धी खरी आहे. अल्कलाइन सेल नवा असताना फरशीवर थप्पकन बसतो आणि वापरला की उसळतो, कारण आतल्या जस्ताचं रूप बदलत जातं. २०१५ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात हे मोजून पाहिलं. त्यात निघालं ते असं की सेल निम्मा उतरेपर्यंतच उसळी पूर्ण वाढलेली असते, पुढे ती फारशी बदलत नाही. म्हणजे उसळला तर "नवा नाही" एवढंच कळतं. भाऊ निम्मे भरलेले सेल फेकत असेल तर अण्णा चिडणारच! आणि लाल-निळ्या कवचाचे आपले साधे सेल अल्कलाइन नसतात, त्यांना हा नियम लावूच नये.

सेल बदलताना तिन्ही एकदम बदला. मी एकदा शहाणपणा करून दोनच बदलले होते. जुना तिसरा सेल बाकी दोघांच्या दाबाखाली पार रिकामा होऊन उलटा चालायला लागतो आणि पाझरतो. टोपण उघडलं तर स्प्रिंगवर सगळा चिकट चिखल, आजोबांच्या काळची पितळी बॅटरी गेली ती गेलीच. साध्या सेलचं जस्ताचं डबडंच वीज देताना खाल्लं जातं, त्यामुळे संपलेला सेल आत विसरला की पाझरणार हे ठरलेलं. अण्णांच्या रेडिओचं झाकण या आठवड्यात एकदा उघडून बघाच. आणि नवे सेल घातले की बॅटरीच्या बुडाला चिकटपट्टी लावून तारीख लिहा. दोन-तीन वेळा लिहिलीत की तुमच्या घरचा हिशेब तुम्हालाच कळेल. कुणाकडे हरभऱ्याच्या चार पाण्यांना एक जोड पुरत असेल, कुणाकडे दोनच पाण्यांना. विकत घेताना सेलवरची मुदतही बघा. गावातल्या दुकानात माळ्यावर पडलेला जुना माल असतो.

आता आईचं मशीन. इथे अण्णा आणि भाऊ दोघेही चुकताहेत.

भावाला वाटतं, सेल उतरला की रीडिंग चढतं. टॉर्चचा उजेड सेलबरोबर उतरतो तसं ग्लुकोमीटरचं नसतं. ही मशीनं साधारण अशी बनवतात की व्होल्टेज पुरेसं नसेल तर ती चूक दाखवतात किंवा बंद पडतात, बळंच आकडा सांगत नाहीत. म्हणून २४० चं खापर सेलवर फोडू नका. त्यात धोका असा की सेल बदलून पुन्हा २४० आलं तर मशीन फेकाल आणि खरंच वाढलेली साखर तशीच राहील.

आधी हे बघा. आईने तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे केले होते का? गूळ, केळं, चहात बुडवलेलं बिस्कीट, यातलं काहीही बोटाला लागलेलं असलं तरी आकडा उडी मारतो. पट्ट्यांची डबी कुठे असते? बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे एप्रिलपासून बंद खोलीतसुद्धा त्याच्या वर पारा असतो. चुलीशेजारच्या फडताळात किंवा खिडकीत तर नकोच. माठाजवळ, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. डबी उघडल्याची तारीख लिहिली आहे का? किती महिन्यांत संपवायची ते तिच्यावर छापलेलं असतं. मे महिन्याच्या दुपारी मशीन काही न दाखवता थर्मामीटरची खूण दाखवेल, तेव्हाही सेल बदलू नका, मशीन गार जागी अर्धा तास ठेवा.

आणि एक आकडा घरात सगळ्यांनी लक्षात ठेवावा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या रीडिंगमध्ये घरच्या मशीनला प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. प्रयोगशाळेत २४० असेल तर घरी २०४ ते २७६ मध्ये काहीही येऊ शकतं आणि तरी मशीन चांगलं असतं. खात्री करायची तर लातूरला रक्त द्यायला जाताना मशीन सोबत न्या आणि त्याच वेळी बोट टोचून दोन्ही आकडे शेजारी लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी-जास्त करायचं काम त्यांचं.

अण्णांचं "चालायलंय की" मात्र इथे चालणार नाही. खूण दिसल्यावर आणखी काही तपासण्या होतात हे खरं, पण ज्या रात्री आईला घाम सुटेल, हातपाय थरथरतील आणि साखर उतरली की काय हे तातडीने बघायचं असेल, नेमकं त्याच रात्री ते बंद पडलं तर? आठवडा झाला म्हणता, तर आजच बदला. मशीनमागचं झाकण उघडून सेलवरचा नंबर वाचा. बऱ्याचदा सीआर २०३२ असतो. त्यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार "एकच आहे" म्हणून २०२५ देईल, तो पातळ असतो, घेऊ नका. नवा घातल्यावर तारीख-वेळ लावा. काही मशीनं सेल काढला की ती विसरतात आणि मग डॉक्टरांना कोणतं रीडिंग उपाशीपोटीचं तेच कळत नाही.

भावाची मुलं लहान असतील तर हा बटणसेल त्यांच्या हाताला लागता कामा नये. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. शंका जरी आली तरी एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. जुना बटणसेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच बाजूला ठेवा. कुठलाच सेल चुलीत टाकू नका. आमच्या लहानपणी आम्ही मोठे सेल दगडाने फोडून आतली कांडी काढायचो आणि काळी भुकटी शाळेच्या फळ्याला फासायचो, मास्तरच आणायला सांगायचे. ते आता पोरांना करू देऊ नका.

राहिलं अण्णांशी बोलणं. "तुम्ही कंजूषपणा करता" म्हटलंत की ते पुढचं ऐकणारच नाहीत. नवी टॉर्चही परत बळेच हातात देऊ नका. माझं मत विचाराल तर एलईडी हातात आणि जुनी बॅटरी चांगल्या सेलसकट खांद्याला, असे दोन उजेड असावेत. त्या रात्री खरा घोळ एकच उजेड बरोबर असल्याने झाला. पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा तीन नवे सेल घेऊन जा, संध्याकाळी अंगणात दावं टाका आणि बॅटरी अण्णांच्याच हातात द्या. पीळ दिसतो की नाही, ते त्यांनाच सांगू द्या. नाही दिसला तर नवे सेलही त्यांनीच घालायचे. काढलेले तीन त्यांच्यापासून घेऊ नका, रेडिओत कधी जातील ते ते बघून घेतील.